मागच्या सीटचा ब्रेक

राजदूत मोटरसायकलवर मागे बसणाऱ्याच्या पायाखाली ब्रेक नसतो. तरी आमचे हे वर्षभर तो दाबत होते. मी वळणावर जरा जोरात गेले की यांचा उजवा पाय खाली रेटला जायचा आणि गुडघा माझ्या कमरेला लागायचा.

हे म्हणजे माझे यजमान, गोरक्ष. पाटबंधारे खात्यात होते, बंधाऱ्यांच्या कामांवर गाडीनेच हिंडायचे. ऐंशी साली गिरणाऱ्याच्या अलीकडे, चांगल्या डांबरी रस्त्यावर, एका वळणाला गाडी घसरली आणि पाय मोडला. पाय जुळला, चालणं पूर्वीसारखं झालं, पण हँडलला काही हात लावेनात. गाडी उभी राहून गंजायला लागली, तेव्हा यांचे मित्र खलीलभाई, त्यांचं भद्रकालीत गॅरेज होतं, त्यांनी मला चालवायला शिकवलं. यांची जुनी पँट आणि वर कुर्ता घालून मी मैदानावर चकरा मारल्या. मग रोज सकाळी मीच यांना ऑफिसात सोडायला लागले. कॉलनीतल्या बायका खिडकीत यायच्या. मला ते फार आवडायचं.

पुढच्या दिवाळीनंतर यांनी गाडी विकायचं ठरवलं. देवळ्याचा एक माणूस सोमवारी बघायला येणार होता. खलीलभाई म्हणाले, जायच्या आधी तिला एकदा हरसूलकडच्या कच्च्या वाटांवर फिरवून आणू, शनिवारी मुक्काम करू, रविवारी परत. लग्नाआधी दोघं मित्र असेच हिंडायचे. मातीत गेल्यावर गोरक्षला राहवणार नाही, असा त्यांचा हिशेब. मलाही तेच हवं होतं, आणि नको होतं. यांनी हँडल धरलं तर गाडी घरात राहील, पण मी मागे. नाही धरलं तर सोमवारी गाडीच जाईल.

आम्ही तीन गाड्या निघालो. येझदीवर खलीलभाई आणि त्यांची बायको शहनाजभाभी, दुसऱ्या येझदीवर यांच्या ऑफिसातला भिकन. तो सटाण्याकडचा, बिनलग्नाचा, म्हणून सगळं सामान त्याच्या मागे बांधलेलं. मोठा रस्ता सोडला आणि लाल मुरूम सुरू झाला. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, मध्येच सुटे दगड, पुढच्याची धूळ मागच्याच्या तोंडात. मी फूटरेस्टवर उभी राहून गाडी सांभाळत होते आणि मागून हे पुटपुटत होते. पहिल्यात घे. क्लच सोड. दगड, दगड.

ओढा आला की मागे बसणाऱ्याने उतरून चालत पलीकडे जायचं आणि चालवणाऱ्याने पहिल्या गिअरमध्ये रेस न सोडता गाडी काढायची, अशी रीत. रेस सोडली की सायलेन्सरमध्ये पाणी. प्रत्येक ओढ्याला हे मुकाट उतरत, पँट दुमडत आणि पाण्यात शिरत.

"वहिनी," भिकन म्हणाला, "पॅसेंजरला पाण्यात उतरवता, निदान भाडं तरी निम्मं घ्या."

हे हसले, पण कान लाल झालेले मला दिसले.

मुक्काम एका पठारावर केला. तंबू म्हणजे खलीलभाईंच्या साडूची ताडपत्री, लासलगावच्या ट्रकवरची. कांद्याचा वास तिला सुटता सुटत नव्हता. शहनाजभाभींनी घरून खिमा आणला होता, आम्ही चूल मांडली. हे काही एका जागी बसेनात. तंबूच्या दोऱ्या ओढून बघत, पुन्हा सोडून बांधत. गाड्यांभोवती फिरत. आमच्या गाडीचा प्लग काढून पुसला, परत बसवला, सीटवरची धूळ झाडली. सीटवर बसले मात्र नाहीत. त्यांची ती येरझार बघून मलाही बसवेना.

भाभी भाकरी थापता थापता हळूच म्हणाल्या, "उद्या हात मुरगळला म्हणून सांग. मग कोण चालवेल?"

मी म्हटलं, गाडी जवळच्या गावात ठेवतील, मला तुमच्या मागे बसवतील आणि स्वतः भिकनच्या सामानावर बसतील. ते खरंच होतं. पण चांगला असलेला हात दुखतो म्हणायला माझं मन धजेना, हेही तितकंच खरं.

सकाळी आवरून निघालो. पहिल्याच ओढ्याला खलीलभाई आणि भिकन गाड्या काढून पलीकडे थांबले. सवयीप्रमाणे हे उतरले, पँट दुमडायला वाकले. मी इंजिन बंद केलं, गाडी स्टँडला लावली आणि चपला हातात घेतल्या.

"अगं, काय झालं?"

"काही नाही. आज मी चालत जाते."

"आणि गाडी?"

"तुम्ही आहात ना."

पाणी पोटरीपर्यंत, बर्फासारखं गार. मी मागे बघितलं नाही. पलीकडे भाभी दगडावर सरकल्या, पण मी बसले नाही. मागून काहीच आवाज येईना. खलीलभाईंनी बिडी पेटवली, ती त्यांच्या बोटांतच विझली. भिकनने तोंड उघडलं, त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग त्यांनाही राहवेना, ते उठायला लागले.

"बसा भाई," मी म्हटलं.

किक बसली. गाडी सुरू झाली नाही. परत किक. तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं, आणि आवाज बराच वेळ तिथेच घुटमळत राहिला. शेवटी मी वळून पाहिलं.

हे गाडीवर बसलेले नव्हते. गाडी पहिल्या गिअरमध्ये चालू, दोन्ही हात हँडलवर, आणि स्वतः बाजूने पाण्यातून चालत येत होते, बूट न काढता. मध्यावर पाय सरकला, गाडी यांच्या अंगावर कलली. आमच्यातलं कोणी हललं नाही. यांनी मांडीने तिला रेटून उभं केलं, रेस सोडली नाही, आणि काठावर चढले.

माझा हात सवयीने हँडलकडे गेला.

"थांब," हे म्हणाले. टांग टाकून बसले. "बस मागे."

आम्ही माणसाच्या चालीने निघालो. भिकन पुढे जाऊन वाट बघत थांबायचा. एकदा ओरडून म्हणाला, "गोरक्ष, मागून बैलगाडी येतेय, साइड दे तिला!" हे मोठ्याने हसले. वर्षभरात असे हसले नव्हते. मी मागे अस्वस्थ. हात रिकामे, ते ठेवायचे कुठे कळेना. हे गिअर उशिरा टाकत होते, खड्ड्याच्या फार जवळून जात होते, आणि माझा उजवा पाय हवेत दाबला जात होता.

डांबर सुरू व्हायच्या आधी यांनी गाडी थांबवली. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, इंजिन चालूच. रस्ता समोर सरळ, मोकळा. यांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. खलीलभाई पुढे निघून गेले, मागे वळून न बघता. ते मुद्दाम होतं.

हे खाली उतरले.

"इथून तू घे," म्हणाले. "मातीत जमेल मला. डांबरावर अजून..."

मी पुढे सरकले, हँडल धरलं. रबराची मूठ यांच्या हाताने गरम झाली होती.

"उद्या देवळ्याचा माणूस येणार आहे," मी म्हटलं.

हे मागे नीट बसले. "त्याला सांगू, गाडी घरात लागते."

भिकनची धूळ खाली बसली होती. मी दुसरा टाकला, मग तिसरा. गिरणारं मागे पडलं आणि गाडी घसरली होती ते वळण आलं. यांचा पाय खाली रेटला गेला, गुडघा माझ्या कमरेला लागला.

मी ब्रेक दाबला.