साक्षीतला देवदूत

कापणीच्या सणाच्या सकाळी कानिशाय शेजारणीकडून मोठं पातेलं मागून घरी आली, तर फाटकाच्या कडीला एक मळकी कापडी पिशवी लटकत होती. आत कुरुत होतं. बाजारातले पांढरेशुभ्र गोळे नव्हेत. धुराचा वास लागलेलं, डोंगरावर वाळवलेलं दही.

घरात तालाय आरशासमोर उभा राहून चर्चमध्ये सांगायच्या साक्षीची तालीम करत होता. "...आणि त्या काळोखात प्रभूने आपला दूत पाठवला!" हात कुठे उंचवायचा, आवाज कुठे थरथरवायचा, सगळं त्याला आता पाठ झालं होतं.

तालाय ट्रक चालवायचा. मागच्या हिवाळ्यात तू-आशू नावाच्या घाटात बर्फाचा कडा कोसळून तो त्याखाली गाडला गेला आणि जिवंत निघाला. दवाखान्याच्या खाटेवर त्याने हुंदके देत सांगितलं होतं, शामिरबेक नावाच्या मेंढपाळाने हातांनी बर्फ उकरून मला काढलं, स्वतःचा कोट मला घातला. आता पाण्याचा घोटही देवाचे आभार मानल्याशिवाय घेणार नाही. कारा-बाल्टा शहरातल्या त्यांच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत सगळे रडले होते.

पण साक्ष जसजशी जुनी होत गेली, तसतसा बर्फ चढत गेला आणि मेंढपाळ उतरत गेला. ईस्टरला त्याचं नाव गळलं. उन्हाळ्यात तो 'कुणीतरी भला माणूस' झाला. आणि आता दूत. घरी म्हणाल तर जेवणापूर्वीची प्रार्थना माशी हाकलावी तशी उरकायची आणि 'आमेन'च्या पाठोपाठ मीठ कमी, नान कडक, ट्रकचा मालक चोर, पाळकाचं प्रवचन लांबलचक. कानिशाय ओठ चावून ऐकत आली होती.

"फाटकावर कोण आलं होतं?" तिने विचारलं.

"होता एक म्हातारा. तालाय ड्रायव्हरचं घर हेच का म्हणाला. बायकोला दवाखान्यात ठेवलंय, पथारी टाकायला जागा मिळेल का. म्हटलं, आज सण आहे, उद्या या."

"नाव नाही सांगितलं?"

"शामिरबेक की काय. सुसामिरच्या कुरणांवरचा." तो आरशात बघून कॉलर नीट करत होता. मग त्याचा हात थांबला.

कानिशायने पातेलं असं आदळलं की खिडकीची तावदानं हलली.

"कानिशाय, मी ओळखणार कसा? मी तर बेशुद्ध होतो!"

"बेशुद्ध होतास, मग दूताचं तेज कसं दिसलं रे तुला? मी पाहिलंय त्याला, दवाखान्यात. पुढचे दोन दात नाहीत त्या दूताला! तुझे पाय चोळून चोळून बोटांची सालं निघाली होती त्याच्या!"

"पण पाठवलं तर देवानेच ना? सगळं श्रेय देवाला दिलं, त्यात माझं काय चुकलं?"

"देवाला श्रेय देतोस की माणसाचं गिळतोस? देवाने पाठवलेल्या माणसाला फाटकावरून वाटेला लावलंस आणि आता व्यासपीठावर जाऊन देवाचेच आभार मानणार! लाज नाही वाटत?"

तालाय बाकावर बसला. खाली मान घालून म्हणाला, "लोकांना मेंढपाळाची गोष्ट नको असते गं. दूत म्हटलं की मागच्या रांगेतले पण मान वर करतात."

ती तरातरा माळ्याकडे गेली. म्हाताऱ्याचा कोट तिथेच कुठेतरी होता. 'वसंतात कुरणावर येऊ, तेव्हा कोट आणून देऊ,' असा शब्द तिनेच दिला होता त्याला. कोट सापडला बटाट्यांवर. थंडीने बटाटे काळे पडू नयेत म्हणून पांघरलेला. पांघरला कुणी? तिनेच. वसंत आला, गेला, उन्हाळा गेला. रोज बटाटे काढताना तो कोट तिने बाजूला सारला होता आणि परत पांघरला होता. तिने तो अंगणात नेऊन काठीने झोडपायला सुरुवात केली. धूळ उडत होती आणि ती स्वतःलाच शिव्या घालत होती.

तेवढ्यात पाळक मेलिस फाटकाशी आले. "अजून इथेच? चला, पहिली साक्ष तालायची ठेवलीय."

"आज साक्ष नाही," कानिशाय म्हणाली. "साक्षीदार दवाखान्यात बसलाय."

पाळकांना काही उमगलं नाही, पण तिच्या हातातली काठी बघून ते दोन पावलं मागे सरले.

म्हातारा दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून चहात नान बुडवून खात होता. तालाय त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"ऊठ, विजार मळेल," म्हातारा म्हणाला. "पाय कसा आहे?"

"अक्साकाल," वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं तालाय म्हणाला, "मी तुम्हाला ओळखलं नाही."

"मी तरी कुठे ओळखलं? त्या दिवशी तू निळा होतास."

"तुम्ही रागावला नाहीत?" कानिशायने विचारलं.

"रागावलो तर! पिशवी कडीवरून काढून परत न्यावी असं मनात आलं. पण सूनबाई, म्हातारीने विचारलं असतं, कुरुत पोचवलं का? आजारी माणसाशी खोटं कोण बोलणार?" त्याने कोट हातात घेतला, हुंगला. "बटाटे?"

"बटाटे," ती म्हणाली.

शामिरबेक त्यांच्याकडे राहिला, बायको अनारकुलला घरी सोडेपर्यंत. पुढच्या रविवारी तालायला साक्षीला उभं केलं, तर तो एवढंच म्हणाला की मला एका माणसाने वाचवलं, त्याचं नाव मी विसरलो होतो, आणि खाली बसला. मंडळी हिरमुसली. घरी येताना कानिशायने त्याला शाबासकी दिली नाही. राग इतक्यात जाण्यासारखा नव्हता. त्याच्यावरचाही, स्वतःवरचाही.

म्हातारा-म्हातारीला सोडायला तालायनेच गाडी काढली. अपघातानंतर तो त्या घाटात फिरकला नव्हता. वळणावळणावर तो गाडी अगदी हळू करत होता. एका जागी त्याने गाडी थांबवली. "इथेच ना?"

"छे! ती जागा केव्हाच मागे पडली," शामिरबेक म्हणाला.

गाडी वळवून ते मागे आले. म्हाताऱ्याने बोट दाखवलं. उतारावर पिवळं गवत होतं, दगड होते. तालाय उतरून उभा राहिला. त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं, हे गाडीत बसलेल्या कानिशायलाही दिसत होतं.

"अक्साकाल," तो म्हणाला, "काय झालं होतं, सांगाल?"

"आता? वारा किती सुटलाय."

"सांगा ना."

अनारकुल गाडीतून ओरडली, "त्याला सांगायला लावू नका, थांबतच नाही तो!" पण म्हाताऱ्याने कोटाची बटणं लावली आणि सुरुवात केली: घोडी आधी अडली, कान टवकारून उभी राहिली, मला वाटलं लांडगा आहे, आणि खरं सांगतो पोरा, मी परत फिरणार होतो.

तालाय एका दगडावर टेकला आणि ऐकू लागला.