दारापुढचा बर्फ

उदयने किटलीतलं उकळतं पाणी फुटपाथवर ओतलं. बर्फ विरघळला आणि खालचं काळं डांबर उघडं पडलं. मग शेजारच्या डोरीनच्या दारापुढेही त्याने ओतलं. ऐंशी पार केलेली ती एकटी बाई रोज दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात पेपर आणायला जायची.

"अहो, आत या," निवेदिता दारातून म्हणाली. "पेव्हमेंट साफ करायची आपल्यावर सक्ती थोडीच आहे? अख्ख्या लेस्टरमध्ये कोण करतंय?"

"डोरीन पडेल गं. बर्फावर टाकायचं मीठ संपलंय, म्हणून पाणी."

दुपारपर्यंत त्या पाण्याचा पातळ थर गोठला होता. तो दिसतही नव्हता. डोरीन त्यावरच घसरली. तिचं ओरडणं ऐकून उदय नुसत्या मोज्यांवर धावला आणि तिच्याजवळ पोचता पोचता त्याचाही पाय सटकला. तेव्हा त्याला कळलं.

अँब्युलन्स येईपर्यंत तो तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. पलीकडच्या फुटपाथवर, कुणीच हात न लावलेल्या बर्फावरून, माणसं सावकाश पण नीट चालत होती.

खुब्याचं ऑपरेशन झालं. मग छातीत इन्फेक्शन झालं. ती आता घरी परत जाईलसं वाटत नाही, औषधांच्या गुंगीत तिला नीट आठवतही नाही, असं नर्सने फोनवर सांगितलं.

"मी तिला सांगून टाकतो," हॉस्पिटलच्या कारपार्कमध्ये उदय म्हणाला.

"सांगून काय ती बरी होणारे? तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

तो गाडीतून उतरला. तीही त्याच्या मागोमाग वॉर्डात आली.

डोरीन उशीवर अगदी एवढीशी दिसत होती. उदय खुर्ची ओढून बसला.

"डोरीन, त्या दिवशी सकाळी मी..."

"हाच तो!" त्याचा हात धरून डोरीन पलंगाशी उभ्या असलेल्या नर्सला म्हणाली. "आमच्या रस्त्यावर हा एकटा बर्फ काढतो. माझ्या दारापुढचासुद्धा. मी पडले ती बसस्टॉपपाशी. तिथे कोण काढणार?"

उदयने निवेदिताकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"तू काहीतरी सांगत होतास," डोरीन म्हणाली.

"हो. म्हणजे... आज परत बर्फ पडतोय."

"मग माझ्या दारापुढचा काढ हं. पोस्टमन पडायचा बिचारा."

"काढतो."

तिने समाधानाने डोळे मिटले. तिच्या मुठीतून आपला हात सोडवून घ्यायचं उदयला धाडस होईना.