उपडी खोकी

भंडाऱ्याबाहेर हायवेलगतच्या त्या गोदामात माणसं एकशेवीस होती, पण धुरपताच्या वाट्याला त्यांतलं एकही यायचं नाही. तिचं टेबल पार शेवटच्या टोकाला. पट्ट्यावरून खोकी यायची, मध्ये कॅमेऱ्यांची कमान. कमानीनं बारकोड वाचला की खोकं आपल्या गावच्या गाडीकडे चालतं व्हायचं. वाचता नाही आला की लाल दिवा लागायचा आणि एक लोखंडी दांडा खोकं धुरपताकडे ढकलून द्यायचा. मग तिनं ते उलटसुलट करून बारकोड शोधायचा, हातातल्या स्कॅनरनं वाचायचा आणि खोकं परत पट्ट्यावर सोडायचं. एवढ्या महागड्या यंत्राला जे जमत नाही ते आपण करतो, याचा तिला भारी तोरा होता.

तोरा मिरवायला दुसरं होतं तरी काय? नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. लेक रीना पुण्याला; रविवारी फोन करून ‘जेवलीस का’ विचारायची आणि घाईनं ठेवायची. आंबागडच्या घरात धुरपता आणि टीव्ही. सुट्टीचा दिवस तिला खायला उठायचा. गोदामात निदान दिवा लागला की कुणीतरी आपल्याला काही पाठवलं असं वाटायचं.

दिवाळीनंतर कॅमेरे बदलले. वरून आणि चारही बाजूंनी वाचणारे नवे आले आणि दिवा लागेनासा झाला. सुपरवायझर अतुल पोरगेलासा, पण साहेबच. तो म्हणाला, “मावशी, दिवसाले शंभरच्या खाली डब्बे आले तर हे टेबल बंद करा म्हणते हेड ऑफिस.”

“मंग मी कुठी जाऊ?”

“पाहू ना,” म्हणून तो निघून गेला. ही शंभराची गोष्ट संध्याकाळच्या बसमध्ये सगळ्यांच्या कानावर गेली.

आठ दिवस धुरपता विझलेल्या दिव्याकडे बघत बसली. आणि मग काय नवल, खोकी पुन्हा यायला लागली! सगळी उपडी, बारकोड खाली. कमानीला खालून डोळे नव्हते. धुरपता हरखली. पण माणसाची जात ती. महिन्याभरात हरखणं विसरून कुरकुरायला लागली. पंधरा-पंधरा किलोची खोकी उलटवून मनगट सुजलं होतं. “कोन आंधळा ठेवते बाप्पा हे?” ती एकटीच बडबडायची.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, दोनशे फुटांवर, गाडीतला माल पट्ट्यावर चढवायला जागेश्वर असायचा. आंधळगावचा, पन्नाशीतला, तोंडाचा मुका म्हणावा असा. सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढला की स्वतःचा रामराम बाजूला ठेवून म्हणायचा, “जयभीम, धुरपताबाई.” ती म्हणायची, “जयभीम.” तो पुढच्या सीटवर जाऊन बसायचा. दोन वर्षांचा संवाद तो एवढा. एकदा मात्र त्यानं उकडलेल्या शिंगाड्यांची पुडी तिच्या हातावर ठेवली होती. “आमच्या तलावाचे हायेत,” म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, “बरे होते.” तेवढंच.

फेब्रुवारीत एके दिवशी टेबलापाशी खोक्यांची थप्पी लागली. अतुल आला. “मावशी, तुमच्यानं होऊन नाही राहिलं का? दुसरं मानूस बसवू?”

हे तिच्या वर्मी लागलं. “मले काय म्हनता? उपडे डब्बे ठेवून राहिला कोनी, त्याले पुसा! भिंतीवर कॅमेरा हाये ना तुमचा, पाहा!”

अतुलनं पाहिलं. तिसऱ्या दिवशी स्वतःहून सांगायला आला. “बरं झालं बोलल्या. जागेश्वर होता. सरळ आलेला डब्बा मुद्दाम हातानं उपडा करे. रोज मोजून शंभराच्या वर दहा-वीस. आजच काढला त्याले.” मग डोकं खाजवत म्हणाला, “एकच समजलं नाही. जानेवारीत तुम्ही चार दिवस पुण्याले गेल्या, तुमच्या जागी तो पोरगा सुगत बसला होता इथं. त्या चार दिवसांत एकही उपडा नाही. काहून केलं पुसलं, त म्हने, हात चुकला.”

शंभराच्या वर दहा-वीस. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडला असता तरी चाललं असतं. तिनं तो त्याच्या पायावर पाडला होता.

“साहेब, परत घ्या ना त्याले. माह्या भल्यासाठी केलं त्यानं.”

“रिपोर्ट गेला मावशी.”

दुसऱ्या दिवशी बस आंधळगावला थांबली आणि तशीच निघाली. रविवारी धुरपता त्याच्या घरी जाऊन आली. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “गेला नागपूरले, काम पाहाले. नंबर नाही बा आमच्यापाशी.” दोन वर्षांत तिनंही कधी मागितला नव्हता. परतीच्या वाटेवर ती एसटीत तोंडाला पदर लावून रडली.

टेबलाकडे आता दिवसाला बारा खोकी यायची. आठ दिवसांत ते बंद झालं. अतुल म्हणाला, “नशीब बरं तुमचं. माल चढवाची जागा रिकामीच हाये.”

जागेश्वरच्या जागेवर उभं राहून तिनं मान वर केली. कमानीखालून, पट्ट्याच्या सरळ रेषेत, पार शेवटी तिचं टेबल दिसत होतं आणि तिचं स्टूल. दिवसभर दिसत असणार. आपल्याकडे कुणी बघत नाही असं तिला दोन वर्षं वाटत आलं होतं.

समोर खोकं आलं, बारकोड वर. तिनं ते उपडं करून पट्ट्यावर ठेवलं. तिकडे लाल दिवा लागला, दांड्यानं खोकं ढकललं, आणि ते रिकाम्या स्टुलापाशी जाऊन पडलं.

जेवणाच्या सुट्टीत धुरपता दोनशे फूट चालत गेली आणि तिनंच ते सरळ केलं.