पुढच्या रांगेतली खुर्ची

तिनं कापडाची कड दातात धरली आणि उजव्या हातानं पोराचं डोकं उचललं. डाव्या हातानं स्तन खालून तोलला, दोन बोटांनी वरून दाबून पोराच्या नाकापुढं जागा केली. पोरानं आ केला. तेवढ्यात कड दातातून सुटली आणि सगळं कापड त्याच्या तोंडावर पडलं. पोर किंचाळलं.

"थांब रे राजा, थांब," ती म्हणाली. पण बोलायला तोंड उघडलं की कापड पडणार, आणि तोंड मिटून पोराची समजूत घालता येत नव्हती.

कारखान्याच्या कँटीनमागची ती कोठी होती. एका बाजूला गॅसच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला एकात एक घातलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात बटाट्यांचं पोतं. पंखा नाही, खिडकी नाही, दाराला आतून कडी नाही. म्हणून ती उपड्या क्रेटवर बसून, एक पाय लांब करून दाराला टाच लावून बसली होती. कापड वहिनीनं घेऊन दिलेलं. गळ्यात अडकवायचं, आत पोर धरायचं, कुणाला काही कळत नाही. पाकिटावर तसंच करून दाखवणाऱ्या बाईचा फोटो होता आणि बाई हसत होती. तिला हसायला काय जातंय, छातीवर दोन लिंबं.

पोर नुसतं लावलं की लागतं, अशा बाईसाठी ते कापड शिवलेलं. हिला एक हात पोराला लागायचा आणि एक हात छातीला. तिसरा हात असता तर त्यानं कापड धरलं असतं. शिवाय डोळे लागायचे. न बघता पाजलं की पोराचं नाक मांसात बुडायचं, ते गुदमरून मान मागे टाकायचं आणि मग वीस माणसांनी वळून बघावं असं रडायचं. झाकण्यासाठी आणलेलं कापड सगळ्यात जास्त बोभाटा करायचं. हे तिनं वहिनीला सांगून पाहिलं होतं.

"सवय होते गं," वहिनी म्हणाली होती. "मी बसमध्ये पाजायचे. कंडक्टर तिकीट फाडून गेला तरी त्याला पत्ता नाही."

पाजलंस कशातून, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

आता पोर लागलं. दोन-चार घोट घेतले असतील, तोच दार टाचेवर आदळलं.

"कोण आहे आत? खुर्च्या पाहिजेत!"

फोरमनकाका. बाबांच्या पाळीतले, तिला लहानपणापासून ओळखणारे.

"मी आहे काका. पाजतेय."

"अरे अरे! बस बस. काही घाई नाही. चारच खुर्च्या..."

"काका!"

"नाही नाही, राहू दे. साहेब उभे राहतील." पावलं दोन हात मागे गेली आणि परत आली. "दारातून सरकवून देतेस का तेवढ्या? मी तोंड फिरवून उभा आहे."

तिनं करंगळी घालून पोराला सोडवलं, ड्रेसची चेन ओढली, बोंबलणाऱ्या पोराला खांद्यावर टाकलं आणि चार खुर्च्या गुडघ्यानं ढकलून बाहेर दिल्या. काका खरंच तोंड फिरवून उभे होते. पाठमोरेच म्हणाले, "आवाज काय आहे गं याचा! आपला पाळीचा भोंगा बिघडला तर यालाच वर चढवू."

ती हसली नाही. दुधानं ड्रेस भिजला होता. बाहेर माइकवर कुणीतरी फुंकर मारली, हॅलो हॅलो झालं. भाषणं सुरू होत होती.

बाबांचा आज कारखान्यातला शेवटचा दिवस. सगळं आयुष्य बॉयलरच्या घरघरीत गेलेलं, त्यामुळे बोलायचे ते ओरडून, आणि तेही अडलं तरच. असा माणूस आज माइकपुढं उभा राहणार होता. भाषण तिनं लिहून दिलं होतं. म्हणजे बाबा जिन्यात उभे राहून ओरडून सांगायचे आणि ती आत, मांडीवर पोर आणि पोरावर वही, असं लिहून घ्यायची. बाळंतपणाला माहेरी आल्यापासून बापलेक असेच बोलत होते. घर दोन खोल्यांचं. ती पाजायला बसली की बाबा उठून जिन्यात. पोर दिवसभर पीत होतं, म्हणून बाबा सुटीचा दिवसभर जिन्यात. आत यायचं झालं तर खालच्या मजल्यापासून खोकत यायचे. शेजाऱ्यांनी औषध सुचवलं होतं.

"तू पुढच्या रांगेत बस," बाबा जिन्यातून म्हणाले होते. "तू समोर दिसलीस की मी वाचेन. नाहीतर फे फे उडेल माझी."

आयुष्यात त्या माणसानं तिच्याकडं मागितलेली ही एवढी एकच गोष्ट. ती बटाट्याच्या पोत्याशी बसून चालणार नव्हती.

पोराला थोपटत ती बाहेर आली. टेबलं भिंतीला लावून कँटीनचा हॉल केला होता. शंभरेक माणसं, सगळे पुरुष. बायका म्हणजे ऑफिसातल्या दोघी, शिवाय आई, वहिनी आणि ती. पुढच्या रांगेत आईनं तिच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा धरली होती. आईची नजर सगळ्यात आधी तिच्या भिजलेल्या ड्रेसवर गेली. आईनं आपली शाल काढून तिच्या अंगावर टाकली.

"प्यायला?"

"अर्धवट."

"मग पुरतं पाजून यायचं ना!"

"फोरमनकाकांना खुर्च्या काढून देत होते."

आईनं ते ऐकलंच नाही. आईची ठेवणही अशीच, ही आईवरच गेलेली. तेराव्या वर्षी आईनं तिला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे खांदे आत घेऊन चालायचं. दुसरी म्हणजे वही छातीशी धरायची. आई स्वतः इतकी वर्षं तशी चालली, की आता ताठ हो म्हटलं तरी पाठ होत नाही. "तू झालीस तेव्हा मी तुला वर्षभर कुठं नेलंच नाही," आई अभिमानानं सांगायची. वर्षभर! कुणाच्या लग्नात नाही, बाजारात नाही, आजारी मावशीला बघायला नाही. जणू काही बाईनं पोर जन्माला घालून गुन्हा केला आणि वर्षाची कैद भोगली.

साहेब बोलत होते. साहेबांना बाबांबद्दल काही माहीत नव्हतं, म्हणून ते कारखान्याबद्दल बोलत होते. उत्पादन, निर्यात, नवीन मशीन. बाबा स्टेजवर कडेच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, फोटो काढायला बसवल्यासारखे. त्यांनी तिला पाहिलं आणि खांदे जरा सैल सोडले.

पोरानं तोंड फिरवून शाल चोखायला सुरुवात केली. तिनं बोट दिलं. बोटात काही नाही हे पोराला दोन क्षणांत कळलं आणि भोंगा सुरू झाला.

साहेब थांबले. हसले. परत बोलू लागले. भोंगा चढत गेला.

"जा आत," आई पुटपुटली.

"आता बाबांचं आहे."

"त्यांचं नंतर ऐकशील. घरी वाचून दाखवतील."

"घरी कुठं, जिन्यात?"

वहिनी वाकून बोलली, "म्हणून मी म्हणत होते बाटलीत काढून आण. एवढं देवानं भरभरून दिलंय, एक बाटली निघाली नसती?" आणि हलकेच हसली. "आम्हाला मिळालं असतं तर डेअरी टाकली असती."

हे वाक्य तिनं इतक्या जणींकडून ऐकलं होतं, की आता त्याचा नुसता चाबकासारखा आवाज यायचा. फोरमनकाका वाकत वाकत, भिंतीच्या कडेनं आले.

"पोरी, आत जायचं तर जा. टेबलफॅन नेऊन लावलाय मी."

सगळे किती चांगले होते. कुणी एक वाकडा शब्द बोलत नव्हतं. फॅन देत होते, शाल देत होते, बाटलीचा सल्ला देत होते. एक खुर्ची तेवढी देत नव्हते.

"मी इथंच पाजणार," ती म्हणाली.

"वेडी झालीस?" आई म्हणाली. "समोर बाप बसलाय."

"म्हणूनच बसलेय."

माइकवर बाबांचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत तिनं चेन खाली ओढली, हूक सोडला आणि शालीखाली पोराला आडवं घेतलं. शाल लोकरीची, आत उकडहंडी. पोरानं चाचपलं, चुकलं, ओरडलं. तिला काही दिसत नव्हतं. तिनं शालीत डोकं घालून पाहिलं, तर शाल दुसरीकडून घसरली. आईनं ती वर ओढली, ती पोराच्या तोंडावर आली. वहिनीनं मदतीला आणखी एक टोक धरलं. तीन बायका एका पोराला भूक लागल्याचा पुरावा लपवत होत्या आणि पोर लाथा झाडत होतं.

तिनं शाल काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

आता दोन्ही हात मोकळे झाले. एक पोराला, एक छातीला. तिनं खाली बघितलं, नाकापुढं बोट धरलं, आणि पोर एका झटक्यात लागलं. भोंगा बंद पडला. हॉलमध्ये इतकी शांतता झाली, की पोराच्या घशातला घोट पहिल्या दोन रांगांना ऐकू गेला असेल.

तिनं मान वर केली. डावीकडच्या युनियनवाल्यांना एकदम छतावरच्या पताका फार आवडल्या होत्या. साहेब घड्याळ बघत होते. फोरमनकाका भिंतीवरची अग्निशमनाची पाटी वाचत होते, जी त्यांनीच कधीतरी लावली असणार. आणि मागून, कुठल्यातरी रांगेतून, एक दबलेलं खिदळणं आलं. तिच्या मानेवर काटा आला, पण खांदे तिनं आत घेतले नाहीत. घेतले असते तर पोर सुटलं असतं.

बाबा माइकपुढं आले. खिशातून कागद काढला, उलगडला, माइकच्या दांड्यावर टेकवला. मग ठरल्याप्रमाणे, धीर यावा म्हणून, त्यांनी पुढच्या रांगेत तिच्याकडं पाहिलं.

बाबांचं तोंड उघडं राहिलं. कान लाल झाले. नजर कागदावर गेली, परत वर आली, दाराकडं गेली. इथं जिना नव्हता. हात खोकण्यासाठी तोंडाकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"बघ, बघ काय केलंस," आई दातांतून म्हणाली.

तिनं बाबांकडं बघायचं सोडलं नाही. ऊठ म्हणाले असते तर ती उठली असती. आणि परत कधी त्या जिन्यानं वर आली नसती. हे तिनं ठरवलं नव्हतं, पण त्या क्षणी ते ठरून गेलं.

बाबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. काड्या मिटल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना भिंत कुठं संपते आणि दार कुठं सुरू होतं ते कळत नसे. बॉयलरच्या काट्याला नाक लावून बघण्यावरून पाळीतले त्यांची चेष्टा करायचे. मग त्यांनी कागदाचीही घडी घातली.

"अहो, चष्मा! चष्मा लावा की!" फोरमनकाका खालून खुणा करत होते.

"राहू दे," बाबा ओरडले. माइकमुळे ते सगळ्या कारखान्याला ऐकू गेलं. कुणीतरी हसलं.

काही केल्या पुढचं वाक्य येईना. बाबा घाम पुसत उभे राहिले. त्यांचं तोंड मात्र वळलेलं नव्हतं. सरळ तिच्या दिशेनं होतं. पोराला दूध पाजताना बापाचं तोंड तिनं आज पहिल्यांदा समोरून बघितलं. तिला वाटलं, एवढं करायचं होतं तर चष्मा लावून करायचं. चष्मा काढला म्हणजे काय उपकार केले? आणि हे वाटत असतानाच तिचे डोळे भरून आले, त्याचा तिला आणखीच राग आला.

"भाषण लिहून आणलं होतं," बाबा म्हणाले. "चांगलं लिहिलंय. माझ्या मुलीनं लिहिलंय. आता मला ते काही वाचता यायचं नाही. तुम्हीही कुणी दिसत नाही. पण समोर कोण बसलंय ते मला माहीत आहे." त्यांनी माइकचा दांडा धरला. "तर मी बोलतो. पहिल्या दिवशी मी बॉयलर बघितला आणि पळून गेलो होतो. हे साहेबांना माहीत नाही."

हॉल हसला. साहेबही हसले. पताका बघणाऱ्यांनी माना खाली आणल्या.

आई तिच्याकडं झुकली. शाल आईच्या हातात चुरगळलेली होती. "तुझ्यापायी त्यांचं भाषण गेलं."

"गेलं कुठं?" ती म्हणाली. "चाललंय की."

पोरानं एक बाजू संपवली होती. तिनं त्याला उचललं, हूक लावला, दुसरा हूक सोडला आणि त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं.