वाट अडवणारा रूळ

मित्रांनो, शेळ्या चारताना ज्याला टेकून तुम्ही बोरं खाता, तो गंजलेला खांब म्हणजे मी. मी एक जुना रूळ आहे. तुमच्याच गावाची वाट अडवून उभा आहे, आणि याची मला लाज वाटते.

दूरच्या कारखान्यात लालबुंद पोलादातून माझा जन्म झाला. मालगाडीत आडवा पडून मी इथे, रावेरजवळ आलो. लाकडी स्लीपरांवर मला खिळ्यांनी बसवलं. तुमच्या गावचा गँगमन तोताराम हातोडा घेऊन रोज माझ्या कडेने चालत जाई आणि सैल खिळा दिसला की ठोकून घट्ट करी. माझ्यावरून केळीने भरलेल्या वाघिणी, म्हणजे मालडबे, दिल्लीकडे जात. तपासणीच्या ट्रॉलीवरून येणारे साहेब म्हणत, "हा तुकडा छान ठेवलाय." ते ऐकून मला वाटे, आपल्याइतकं कामाचं कुणी नाही.

पुढे देशभर गाड्यांचा वेग वाढवायचं ठरलं. इकडेही वेगाच्या गाड्या धावू लागल्या. तेव्हा गावातून पलीकडच्या बागांकडे आणि डांबरी सडकेकडे जाणारी गाडीवाट इथेच मला ओलांडत असे. फाटक नव्हतं. जुनी गाडी दुरून दिसायची, बैल सावकाश निघून जायचे. नव्या गाडीला तेवढा धीर नव्हता. एका सकाळी झुलालची बैलगाडी रुळांच्या मधोमध असताना ती आली. झुलालने उडी टाकली म्हणून तो वाचला. त्याचा एक बैल गेला.

गाडी माझ्यावरूनच आली होती. तिला इतकी सुरळीत नेल्याचं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाईट वाटलं.

झुलाल चार माणसं घेऊन रेल्वेच्या ऑफिसात गेला. इथे फाटक करा, एक माणूस ठेवा, असं त्याने सांगितलं. फाटक आलं नाही. उन्हाळ्यात नवे जाड रूळ आले, मला काढून माझे तुकडे केले, आणि वाटेवर ते तुकडे उभे पुरून ती बंद करण्याचा हुकूम आला. काम तोतारामच्या गँगकडे होतं. त्याने मान खाली घालून खड्डे खणले, दगड आणि सिमेंट भरलं, पहारीने ठेचलं. दोन खांबांमध्ये एक माणूस जेमतेम निघेल एवढीच फट राहिली. पलीकडच्या बाजूलाही तसेच खांब. कडेने खोल चाऱ्या खणल्या.

झुलाल येऊन उभा राहिला. "तोताराम, आमी फाटक मांगितलं व्हतं. हे खुंटे नही."

"मले हुकूम व्हता, झुलालभाऊ."

"हुकूम त्याहिचा. गाव तं तुहंच हाये ना?"

तोताराम पहार उचलून निघून गेला. त्यानंतर बैलगाड्या स्टेशनाजवळच्या फाटकाने लांबून जाऊ लागल्या. गावात तोतारामला कुणी ओट्यावर बस म्हणेना.

पुढच्या पावसाळ्यात झुलालची आई शेवंताबाई हगवण-ओकारीने अगदी गळून गेली. गावचा रस्ता चिखलाने बंद होता. सडकेला लागून ट्रक धरायचा आणि रावेरला दवाखाना गाठायचा, एवढाच उपाय होता. भर दुपारी झुलाल आणि तिघे जण तिला बाजेवर घालून इथे आले, आणि बाज आमच्यात अडली. त्यांनी ती तिरपी केली, तर म्हातारी घसरू लागली. डोक्यावर उचलली, तर फटीतून निघताना तोल जाऊ लागला. शेवटी बाज चिखलातच टेकली.

रुळावर काम करणाऱ्या तोतारामने ते पाहिलं आणि तो पहार घेऊन धावत आला. माझ्या बुडाशी पहार घालून त्याने सगळा जोर लावला. मी हललो नाही. मित्रांनो, मला हलायचं होतं. पण त्यानेच मला फार चांगलं पुरलं होतं.

त्याने पहार फेकली आणि तो बाजेपाशी पाठ करून बसला. "अक्का, माह्या गळ्याले धर."

तिला धरवेना. झुलालने उपरण्याने तिला त्याच्या पाठीशी बांधलं. तोताराम अंग चोरून फटीत शिरला, तेव्हा तिचं कोपर माझ्या कडेवर खरवडलं.

"हळू रे, बापा," ती म्हणाली.

ते रूळ ओलांडून गेले. केळीच्या ट्रकवाल्याने त्यांना घेतलं. शेवंताबाई रावेरच्या दवाखान्यातच वारली. उशीर झाला म्हणून गेली की तिचं आयुष्यच तेवढं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. त्यामुळे मला आजही ठाऊक नाही.

तेराव्यानंतर झुलाल इथे आला. तोताराम रुळाच्या भरावाच्या उतारावर एकटाच बसला होता.

"झुलालभाऊ, अक्काच्या वाटेत मीच हे गाडलं," तो म्हणाला.

झुलाल त्याच्याजवळ आला. मग म्हणाला, "तुह्या पाठीवर व्हती तेव्हा काही बोलली का?"

"हळू, म्हने."

"मंग हळू गेला व्हता का तू?"

"नही. पळत गेलो."

झुलाल त्याच्या शेजारी बसला. काही वेळाने त्याने खालच्या बाजूला बोट दाखवलं. "ती रुळाखालची पान्याची मोरी गाळानं भरेल हाये. उपसली तं बाज निघीन."

दोघांनी दुसऱ्या दिवशी फावडी घेतली. मागून गावही आलं. आता आजारी माणूस रुळाखालून त्या मोरीतून नेतात. बैलगाड्या मात्र अजून लांबूनच जातात.

मित्रांनो, वेगाच्या गाडीचा मला राग नाही. उद्या तुमच्यातला कुणी मोठा होऊन नव्या गाडीसाठी नकाशावर रेघ ओढील. ओढण्याआधी त्या जागी एकदा पायी या. येताना गावातल्या एखाद्या म्हातारीला बरोबर घ्या, आणि तिच्या चालीने पलीकडे जाऊन बघा.