कडूबाईंनी खाली ठेवलेली कात्री

मी कात्री बोलतेय. उस्मानपुऱ्यात विशाखाताईंचं मेडिकल आहे, तिथल्या काउंटरच्या खिळ्याला मला दोरीनं बांधलेलं आहे. दोरी अशासाठी, की गिऱ्हाइकं मला उचलून काहीबाही कापायची आणि बोलता बोलता खिशात घालून निघायची.

माझी धार चांगली आहे, हे माझं मीच सांगते. पण त्या धारेनं काय काय केलं, तेही ऐका. "दोनच द्या", "तीन बास झाल्या" असं माणसं म्हणायची आणि मी गोळ्यांच्या पाकिटावर कचकन चालायचे. औषधाचं नाव एका तुकड्यावर राहायचं, तारीख दुसऱ्यावर. चप्पल कुणी एका पायाची मागत नाही, औषध मात्र अर्धं मागतात. मला याची गंमत वाटायची. कडूबाई आल्या आणि ती गंमत जिरली.

कडूबाई जवळच्या खानावळीत पोळ्या लाटतात. लघवीला जळजळ, पाठीत कळ आणि थंडी वाजून ताप, म्हणून डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ मिळून चौदा.

"सहाच दे पोरी," कडूबाई म्हणाल्या. "लई गरम पडत्यात. त्यात हे ऊन."

विशाखाताईंनी सगळ्या घ्याव्या लागतील असं सांगून पाहिलं, पण दुकानात गर्दी होती. त्यांनी मला उचललं. मी सहा गोळ्या कापून दिल्या.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून कडूबाई खुशीत होत्या. आठवड्याभरात काउंटरला धरून उभ्या राहिल्या, तेव्हा दातावर दात वाजत होते. "तीच गोळी दे, अजून सहा," म्हणाल्या. विशाखाताईंचा चेहरा उतरला. चूक त्यांच्याही लक्षात आली असावी. माझ्या तर जिवाला लागलं. त्यांनी मला हात लावला नाही. दुकान पुतण्यावर टाकलं आणि कडूबाईंना धरून थेट डॉक्टरांकडे नेलं.

आजार मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. तपासणीत पहिल्या गोळीला जंतू दाद देत नाहीत असं निघालं, म्हणून औषध बदललं, तेही सात दिवसांचं. आता पुन्हा हयगय झाली तर दवाखान्यात भरती व्हावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. आधी कुठल्या औषधानं अंगावर पुरळ आलं होतं का, हेही विचारून घेतलं. गोळी जेवणानंतर घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं. पुरळ आलं, श्वास अडला किंवा जुलाब सुटले तर लगेच कळवायचं, मनानं काही ठरवायचं नाही. घरी परतताना कडूबाईंनी हे सगळं विशाखाताईंना दोनदा म्हणून दाखवलं. शिवाय रोज कामावरून जाताना पाकीट दाखवायचं ठरलं.

पाकिटातली गोळ्यांची दोन घरं रोज रिकामी व्हायची. पाचव्या दिवशी कडूबाईंची कळ थांबली होती, चेहरा उजळला होता. तेवढ्यात माहेरच्या गावाहून, पाचोडहून, वहिनीचा फोन आला. साहेबराव दादाला ताप आहे, तुला बरं वाटतंय तर उरलेल्या गोळ्या एसटीनं पाठव.

भाऊच तो. कडूबाईंनी पाकीट काउंटरवर ठेवलं आणि मला स्वतः उचललं. विशाखाताई समोरच उभ्या होत्या. माझी पाती उघडली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. कडूबाईंचा हात थांबला. त्यांनी मला मिटलं, जागेवर ठेवलं आणि फोन कानाला लावला.

"वहिनी, दादाला दवाखान्यात ने. ह्या गोळ्या माझ्या दुखण्याच्या हायेत, त्याच्या तापाच्या नाय. अन् माझ्या मी सगळ्या खाणार."

वहिनी रुसल्या. कडूबाई ढळल्या नाहीत. साहेबरावांचा ताप वेगळाच निघाला, त्यांना वेगळं औषध मिळालं.

तेव्हापासून आमच्या दुकानात जंतूंवरचं असं औषध डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्यांपेक्षा कमी मिळत नाही. डॉक्टरांनीच एका पाकिटावर आणखी चार गोळ्या लिहिल्या असल्या तर दुसरं पाकीट मी कापते, पण नाव आणि तारीख वेगळी लिहून दिल्याशिवाय नाही. माझं काम कमी झालंय. त्याचं मला वाईट वाटत नाही.

तुमच्या घरातही माझी एखादी बहीण असेल. बरं वाटलं म्हणून तिला औषधावर चालवू नका, एवढंच मागणं आहे.

आणि हो, त्या नव्या गोळ्यांच्या सातव्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. कडूबाई आल्या. पाकिटाची सगळी घरं रिकामी होती. त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "आता काप."

मी कापलं. इतक्या मनापासून मी आजवर काहीच कापलं नव्हतं.