नावाआधीचा ओ

मी फळा बोलतोय. काळा नव्हे, पांढरा. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या एका गल्लीत, रामटेक्यांच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ दोन खिळ्यांवर मी टांगलेला आहे. माझी तक्रार आधीच सांगून टाकतो. गेलं वर्षभर माझ्या छातीवर एकच अक्षर लिहिलं जातं आणि पुसलं जातं, आणि पुसणारी बाई दर वेळी माझ्यावरच चिडते. फळ्यानं काय करावं, सांगा!

माझा जन्म शहराबाहेरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पाठीला लाकडाचा भुसा, पुढे चकचकीत पत्रा, कडेनं ॲल्युमिनियमची पट्टी. तिथून मी गोल बाजारातल्या एका दुकानात आलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. येणारेजाणारे माझ्यात स्वतःचा चेहरा पाहायचे, केस सारखे करायचे आणि निघून जायचे. एके दिवशी सत्यभामाबाई आल्या. त्यांनी चेहरा पाहिला नाही. बोटानं माझ्यावर एक रेघ ओढली, फडक्यानं पुसून पाहिली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "हाच घेऊ जी. साफ पुसला जाते."

सत्यभामाबाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या आणि संध्याकाळी घरी शिकवण्या घ्यायच्या. नवरा नत्थूजी रेल्वेत डबे दुरुस्त करायचे. मुलगा एकच, संघर्ष. तोही इतर पोरांबरोबर माझ्यासमोर सतरंजीवर बसायचा.

इंग्रजीतल्या 'द'वर बाईंचा भारी जीव. मराठीत या शब्दाला जागाच नाही आणि हिंदीतही नाही, त्यामुळे पोरं तो वाट्टेल तिथे टाकायची किंवा साफ विसरायची. विकी नावाच्या पोट्ट्यानं एकदा माझ्यावर लिहिलं, 'द विकी इज अ गुड बॉय.' बाईंनी डस्टर माझ्या कपाळावर आपटलं.

"सूर्याआधी द लागतो, नदीच्या नावाआधी लागतो. माणसाच्या नावाआधी लागतो का रे?"

"नाही मॅडम."

"माणूस काय वस्तू आहे? नाव म्हटलं की तोच तो माणूस. पुन्हा द कशाला? समजलं?"

"हव मॅडम."

हा नियम माझ्यावर किती वेळा लिहिला गेला याची गणती नाही. या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, निम्मी पोरं माझ्यासमोर इंग्रजी शिकली. संघर्ष तर असा शिकला की जहाजदुरुस्तीचा इंजिनियर होऊन थेट ग्रीसला गेला. तिथल्या एका बंदरात नोकरी लागली, तिथल्याच योआनाशी लग्न झालं, दनाई नावाची मुलगी झाली.

इकडे बाई निवृत्त झाल्या. शिकवण्या बंद पडल्या आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. नत्थूजी माझ्या कोपऱ्यावर टॉवेल वाळत घालायचे. माझ्या पाठीमागे पालींनी संसार थाटला. अधूनमधून बाहेरच्या खोलीतून फोनवर संघर्षचा आवाज यायचा, मागून लहान पोरीची किलबिल. मग एका दुपारी फोन आला आणि घरातलं बोलणंच थांबलं. संघर्ष कामावर असताना छातीत कळ येऊन गेला होता.

त्यानंतर बराच काळ मला काही ऐकू आलं नाही. टॉवेलसुद्धा कुणी वाळत घातला नाही.

योआनानं मात्र नातं तोडलं नाही. दर रविवारी दुपारी ती दनाईला फोनसमोर बसवायची. पोरगी हात जोडून म्हणायची, "जयभीम, याया." याया म्हणजे तिकडे आजी. बापानं शिकवलेलं तेवढं एकच वाक्य तिच्याजवळ उरलं होतं. बाकी सगळं बोलणं ग्रीकमध्ये. योआनाचं इंग्रजी कामापुरतं, आजी आणि नात यांच्यामध्ये ती बिचारी पुलासारखी आडवी पडलेली.

एका रविवारी दनाईनं काहीतरी विचारलं. योआना इंग्रजीत म्हणाली, "ती विचारते, बाबा लहान असताना कसा होता? मला माहीत नाही, आई. तुम्हालाच माहीत."

बाईंना एकदम रायपूरजवळच्या अभनपूरची गोष्ट आठवली. तिथल्या बाजारात लहानगा संघर्ष हरवला होता. सगळा बाजार पालथा घातला, नत्थूजी रडकुंडीला आले, आणि हे पोरगं एका अडत्याच्या दुकानात धानाच्या पोत्यांवर गाढ झोपलेलं सापडलं. ही गोष्ट नातीला सांगायचीच, असं बाईंनी ठरवलं. योआनाला मध्ये घातलं असतं तर अर्ध्यातच तिला रडू आलं असतं. म्हणून बाईंनी फोनवर हिंदीत गोष्ट लिहिली, फोनला तिचं ग्रीक करायला सांगितलं आणि पाठवून दिली.

पुढच्या रविवारी दनाई रुसलेली. योआनानं सांगितलं की फोननं नावाचंसुद्धा भाषांतर केलं. संघर्ष म्हणजे लढा, झगडा. पोरीनं वाचलं ते असं: 'लढा बाजारात हरवला आणि पोत्यांवर झोपला.' तिनं आईला विचारलं, बाबा कुठे आहे यात?

बाईंनी फोन ठेवला. कपाट सरकवलं. मला बाहेर ओढून माझ्यावरची धूळ पुसली.

"काय करून राहिली?" नत्थूजींनी विचारलं.

"ग्रीक शिकतो म्हणलं."

"या वयात? काहून एवढी डोकेफोड? त्या पोट्टीलेच इंग्रजी शिकवाव न तिच्या मायनं."

"तिची माय नोकरी करते, घर करते, एकटीनं पोरगी वाढवते. अजून काय काय करावं तिनं? मले वेळच वेळ हाये."

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले.

सुरुवातीला बाई खुशीत होत्या. इंग्रजीत एकच द. ग्रीकमध्ये त्याचे तीन: पुल्लिंगाला 'ओ', स्त्रीलिंगाला 'ई', नपुंसकलिंगाला 'तो'. "अवो, हे तर आपल्यासारखंच हाये," त्या नत्थूजींना म्हणाल्या. "तीन लिंगं! हिंदीवाल्याइले नाही जमणार, आपल्याले जमते." सूर्य तिकडेही पुल्लिंगी, खुर्ची तिकडेही स्त्रीलिंगी, पाणी, घर, झाड, पुस्तक तिकडेही नपुंसकलिंगी. बाईंनी माझ्यावर भराभरा शब्द मांडले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग चंद्र निघाला नपुंसकलिंगी. पाऊस स्त्रीलिंगी. आणि मुलगी, चांगली वेण्या घातलेली मुलगी, तीसुद्धा नपुंसकलिंगी! बाईंनी मार्कर फेकला. त्यात तो 'तो' त्यांचा रोज घात करायचा. मराठीत तो म्हणजे पुरुष, आणि ग्रीकमध्ये तोच शब्द नपुंसकाला. बोलता बोलता जीभ घसरायची आणि बाई प्रत्येक पुरुषाला नपुंसक करून बसायच्या.

बरं, हे शब्द एका जागी थांबतील तर शपथ. कर्ता असला तर ओ, कर्म झालं की त्याचाच तोन, मालकी दाखवायची तर तू. जिथे इंग्रजीत द नाही तिथेही ग्रीकमध्ये हजर. 'आयुष्य कठीण आहे' म्हणायचं तरी आयुष्याआधी ई. बाईंनी जन्मभर विद्यार्थ्यांच्या वहीत असल्या जागचे द लाल शाईनं खोडले होते. आता त्या वाक्य इंग्रजीत जुळवायच्या, द मोजायच्या आणि तेवढेच ग्रीकमध्ये टाकायच्या. दर रविवारी अर्धी वाक्यं चुकलेली निघायची. मग रविवारी संध्याकाळी फडकं घेऊन माझी सालटी काढायच्या.

पण सगळ्यात मोठं भांडण झालं ते नावावरून.

बाईंनी गोष्टीचं पहिलं वाक्य तयार केलं होतं: संघर्ष लहान होता. 'संघर्ष ईतान मिक्रोस.' ते त्यांनी फोनसमोर खणखणीत म्हटलं. दनाईनं झटकन मागे वळून दाराकडे पाहिलं. बाईंनी पुन्हा म्हटलं. पोरीनं पुन्हा दाराकडे पाहिलं आणि मग मान खाली घातली.

"ओ," ती हळूच म्हणाली. "ओ संघर्ष, याया."

"नाही," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "नावाआधी नाही. माझा मुलगा वस्तू नाही."

योआना म्हणाली, "आई, आमच्याकडे लागतोच."

"लागू दे! मी नाही लावणार."

फोन बंद झाल्यावर बाईंनी खरं कारण नत्थूजींना सांगितलं. "ओ म्हणलं की आपल्यात हाक होते जी. ओ भैया, ओ दीदी, ओ संघर्ष. मले नाही जमत ते. हाक मारली अन् कोणी आलं नाही, तर?"

नत्थूजी उठून आत गेले.

त्या आठवड्यात माझ्यावर काही लिहिलं गेलं नाही. बाई माझ्यासमोर खुर्चीवर बसायच्या, मार्करचं टोपण काढायच्या, लावायच्या. मला वाटलं, झालं, आता परत कपाटामागे. राग मलाही आला होता. एवढुसं एक अक्षर, त्याला स्वतःचा अर्थ नाही, आणि त्याच्या पायी एक म्हातारी आणि एक पोर समोरासमोर बसून मुकी!

रविवारी दनाई आली नाही. योआना एकटीच होती.

"आई, एक सांगू?" ती अडखळत म्हणाली. "माणसाबद्दल बोलायचं असलं की आम्ही ओ लावतो. ओ नसला, नुसतं नाव असलं, तर ती हाक असते. समोर असलेल्या माणसाला मारलेली. मी रोज जेवायला नुसतं 'संघर्ष' म्हणून बोलवायची. तुम्ही तसं म्हणता तेव्हा दनाईला वाटतं, तो दारात आहे."

बाईंचा हात तोंडावर गेला.

"म्हणजे इतके दिवस मीच त्याला हाका मारत होते?"

"हो, आई."

बाईंनी मार्कर उचलला. मग म्हणाल्या, "पोरीला बोलाव."

दनाई आली आणि आईच्या खांद्याआडून पाहू लागली. बाई उठून उभ्या राहिल्या, वर्गात उभ्या राहायच्या तशा. माझ्याकडे वळल्या आणि लिहिलं: ओ. पुढे मुलाचं नाव लिहिलं. मार्कर माझ्यावर करकरला. मग फोनकडे तोंड करून, डोळे मिटून, मोठ्यानं म्हणाल्या, "ओ संघर्ष!"

आतून बादली पडल्याचा आवाज झाला. नत्थूजी ओल्या हातांनी दारात आले. चेहरा पांढराफटक.

"कोनाले हाक मारून राहिली तू?"

"हाक नाही जी," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती. "सांगून राहिली. नातीले त्याच्याबद्दल सांगून राहिली. या, बसा."

नत्थूजी बसले. बाईंनी वाक्य पुरं केलं: ओ संघर्ष ईतान मिक्रोस. या वेळी दनाईनं दाराकडे पाहिलं नाही. आजीकडे पाहिलं.

मग बाजार आला, धान आलं, पोती आली. लिंगं चुकली, विभक्ती चुकली, पोत्यांना बाईंनी पुल्लिंगी केलं. दनाई मध्येमध्ये दुरुस्त करायची, बाई कपाळावर हात मारायच्या आणि पुढे सरकायच्या. पोरगं झोपलेलं सापडलं तिथे नत्थूजींना राहवलं नाही. त्यांनी दोन्ही हात गालाखाली घेऊन मान कलती केली आणि घोरून दाखवलं. दनाई खदखदून हसली. तसंच हात गालाखाली घेऊन तिनंही घोरून दाखवलं.

"ओ बाबास मू," ती आईला म्हणाली. माझा बाबा.

बाईंनी ते माझ्यावर लिहून घेतलं.

एवढ्यानं सगळं सुरळीत झालं, असं समजू नका. आता दुसरी गोष्ट सुरू आहे. तिच्यात संघर्षला मास्तरांनी पकडलं होतं. म्हणजे तो कर्म झाला, म्हणजे ओ जाऊन तोन आला, आणि बाईंचं डोकं पुन्हा फिरलंय. माझा पत्रा कडेनं उचकटलाय, मधोमध निळसर ढग धरलाय, एक खिळा ढिला आहे. फार दिवस टिकेन असं वाटत नाही.

तेव्हा तुम्हाला एकच मागणं. तुमच्याकडे अशी कुणाची गोष्ट राहिली असेल, तर व्याकरण सुधारायची वाट पाहू नका. चुकत सांगा, चिडत सांगा. ऐकणारं पोर समोर आहे तोवर सांगून टाका. आणि तुमच्या घरी फळा असेल तर त्याच्यावर राग काढू नका.

आता थांबतो. बाईंनी फडकं ओलं केलंय.